शाहीर अमर शेख : बार्शीच्या मेहबूबचं गाणं नेमकं कसं होतं?

१ मे जवळ आला की संयुक्त महाराष्ट्राच्या शाहिरांची आठवण निघते. अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख ही तीन नावं एका दमात घेतली जातात. यातले अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असतं. अभिमानही असतो. पण ते गायचे म्हणजे नक्की काय करायचे, स्वतः काय लिहायचे, लोक त्यांना ऐकायला का थांबायचे, असं मुलांनी विचारलं तर आपण अडतो. म्हणून जयंती-पुण्यतिथीची वाट न बघता आज त्यांच्या गाण्याबद्दलच बोलू.

२० ऑक्टोबर १९१६ चा त्यांचा जन्म. घरात गरिबी होती, शाळा फार झाली नाही. मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलं, मग गिरणीत लागले. संपात उतरले, विसापूरच्या तुरुंगात गेले आणि तिथून कम्युनिस्ट चळवळीत आले. हे सगळं चरित्रात येतंच. आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची आई, मुनेरबी. लोकगीतांचा वारसा त्यांना आईकडून मिळाला. सोलापूर-मराठवाड्याकडच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. घरात दखनी चालायची, पण जात्यावर बसल्यावर, शेतात खुरपताना आपल्या दादी-नानींच्या तोंडी मराठी ओवी यायचीच. अमर शेखांची मराठी पुस्तकातून आलेली नव्हती, ती अशा घरातून आली होती.

पुढे ते कोल्हापूरला गेले. तिथे मास्टर विनायकांच्या स्टुडिओत असताना त्यांना ‘अमर शेख’ हे नाव मिळालं. आडनाव पटेल आणि नाव शेख, याचा घोळ आजही अनेकांचा होतो, तो इथला. १९४४ च्या सुमारास अण्णाभाऊ आणि गव्हाणकरांबरोबर त्यांचं ‘लाल बावटा कलापथक’ उभं राहिलं आणि मुंबईच्या गिरणगावापासून खेड्यापाड्यांपर्यंत फिरू लागलं.

आता गाण्याकडे येऊ. शाहिरी म्हणजे नुसतं जोरात गाणं, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. पोवाड्यात मुख्य शाहीर पुढे उभा असतो, हातात डफ. मागे तुणतुणं, झांज आणि साथ देणारे झीलकरी. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी ‘जी जी’ करून ती उचलतात. तेवढ्यात शाहिराला दम घ्यायला आणि समोरच्या गर्दीकडे बघायला वेळ मिळतो. मध्येच गाणं थांबवून तो साध्या बोलीत प्रसंग सांगतो, चिमटा काढतो, प्रश्न विचारतो आणि पुन्हा चालीवर येतो. म्हणजे पोवाडा हा अर्धा गाणं आणि अर्धा बोलणं. समोर कोण बसलंय त्यावर तो लांबतो, आखडतो. कामगारांसमोर एक, शेतकऱ्यांसमोर दुसरा.

अमर शेखांकडे यासाठी लागणारा गळा होता. खुला, पहाडी, मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणारा. पण गळा बऱ्याच जणांकडे असतो. त्यांचं वेगळेपण आम्हाला दिसतं ते शब्द पोहोचवण्यात. चाल ओळखीची ठेवायची, लोकांच्या कानात आधीच असलेली, आणि मजकूर आजचा घालायचा. महागाई, संप, दुष्काळ, घरभाडं. चाल ओळखीची असल्यामुळे ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष शब्दांवर राहतं, आणि दुसऱ्याच कडव्याला तो झीलही धरतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण खरं तर त्यांनी लिहिलेलं नाही. अण्णाभाऊंची ‘मैना’ अमर शेखांच्या आवाजात गाजली. ती छक्कड आहे, म्हणजे तमाशातला हलकाफुलका प्रकार. मुंबईला पोट भरायला आलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. ऐकणारे निम्मे गिरणीकामगार त्याच अवस्थेतले. आणि मग गाणं वळण घेतं, ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव-कारवारचा मुलूख होते. घरच्या दुःखातून राजकारणात नेणारं हे वळण गायकाने घाईत घेतलं तर फसतं. विरह आधी पुरता मुरवावा लागतो.

२१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. पुढच्या काळात हुतात्म्यांची संख्या शंभराच्या वर गेली. त्या वर्षांतल्या सभांमध्ये अत्र्यांचं, डांग्यांचं भाषण आणि शाहिरांचं गाणं हे दोन्ही लागायचं. गोवा मुक्तीच्या लढ्यासाठीही ते गायले. चीन आणि पाकिस्तानबरोबरच्या युद्धांच्या वेळी लोकांना उभं करायला गावोगाव फिरले.

हे सगळं चालायचं कशावर? आजच्या भाषेत ‘इंडिपेंडंट आर्टिस्ट’ म्हणतात तसे ते होते, फक्त तेव्हा हा शब्द नव्हता. मागे मोठी रेकॉर्ड कंपनी नाही, सरकारची मेहेरबानी नाही. उलट मुंबई सरकारने कलापथकाच्या तमाशांवर बंदी आणली होती. आधार होता तो संघटनेचा आणि लोकांचा. पुढे त्यांनी स्वतःचं कलापथकही चालवलं. या स्वातंत्र्याची किंमत आज आपण मोजतोय. रात्रभर रंगलेल्या त्या कार्यक्रमांच्या मानाने टिकलेलं ध्वनिमुद्रण फारच थोडं आहे, आणि कागदावरचा पोवाडा म्हणजे झीलकऱ्यांशिवायचा पोवाडा.

कागदावर मात्र त्यांनी पुष्कळ ठेवलंय. ‘अमरगीत’ हा गीतसंग्रह, ‘पहिला बळी’ हे नाटक, ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे कवितासंग्रह. कविता मनात वाचू नका, मोठ्याने म्हणा. मुक्त वाटणाऱ्या ओळींतही श्वासाच्या जागा ठरलेल्या आहेत, हे लगेच लक्षात येतं.

आपल्या समाजाने त्यांना किती जवळ केलं, हा अवघड प्रश्न आहे. ते कम्युनिस्ट होते, लग्न धर्माबाहेरचं होतं, आणि गाण्या-बजावण्याबद्दल आपल्याकडे मतभेद आहेत. हे लपवून त्यांचा फोटो भिंतीवर लावण्यात अर्थ नाही. ज्यांना पटत नाही त्यांचं न पटणं आम्ही समजू शकतो. पण दुसरीकडे आपल्या मुलांना कॉलेजात, ऑफिसात ‘अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता!’ असं अजूनही ऐकावं लागतं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, तरी ते लागतं. अशा वेळी सांगण्यासारखं खूप आहे. ‘योगसंग्राम’ लिहिणारे श्रीगोंद्याचे संत शेख महंमद. उत्तर पेशवाईत होनाजी बाळाच्या काळात फड गाजवणारा सगनभाऊ, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार मुस्लिम घरातला. अमर शेख या रांगेतले आहेत. ते मराठीत ‘सुद्धा’ लिहिणारे पाहुणे नव्हते. महाराष्ट्र राज्य हवं म्हणून लाखो माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा त्या माणसांचा आवाज बार्शीच्या एका मुसलमान कामगाराचा होता.

२९ ऑगस्ट १९६९ ला इंदापूरजवळ अपघातात ते गेले. वय अवघं ५२. त्यांची मुलगी मलिका अमर शेख मराठीतल्या महत्त्वाच्या कवयित्री. ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ या त्यांच्या आत्मकथनात वडिलांचं घर, तिथली माणसं आणि चळवळीचं वातावरण आहे. ते पुस्तक सोपं नाही, पण शाहीर घरात कसा होता हे त्यातून कळतं.

आणि ज्यांना त्यांना हलताना-बोलताना बघायचंय त्यांच्यासाठी १९६१ चा ‘प्रपंच’ हा मराठी चित्रपट आहे, गदिमांच्या कथेवरचा. गरिबी आणि वाढता संसार यांत पिचलेल्या कुंभाराच्या घराची ती गोष्ट. अमर शेखांचा अभिनय त्यात मन लावून बघावा असा आहे. फक्त एक गंमत लक्षात ठेवा. त्यातलं फिरत्या चाकाचं जे गाणं आजही रेडिओवर लागतं, ते सुधीर फडक्यांनी गायलेलं आहे.