रक्तातले धातू आणि हृदयविकार : आधी परीक्षण, मग मात्रा



उसाच्या कोवळ्या पानांवर केवडा दिसला की आपण पान तोडून गट ऑफिसला आणता. "साहेब, पिवळं पडलंय, काय टाकू?" शेतकी विभागाचा माणूस आधी उलट विचारतो, "माती तपासली का? पाणी साचतंय का?" कारण चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही, आणि पाणी साचून पांढरी मुळी बंद पडली तर खताची कितीही पोती ओतली तरी उपयोग नाही.

हे आज लिहिण्याचे कारण असे. गेल्या हंगामात बिलाच्या दिवशी आमचे एक जुने सभासद एक कागद घेऊन आले. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. शहरातल्या एका खाजगी केंद्रात त्यांच्या रक्तातले धातू तपासले होते. झिंक कमी, तांबे जास्त, शिसेही सापडले. केंद्राने सांगितले, "तीस सलाईन घ्या, रक्तवाहिन्या धुऊन निघतील, बायपासची गरज नाही." खर्च जवळजवळ एका हप्त्याच्या बिलाएवढा. ते म्हणाले, "सूक्ष्म अन्नद्रव्यं तुम्हीच शिकवता, तर मग हे घेऊ का नको तेवढं सांगा."

आम्ही डॉक्टर नव्हे. पण जाणकार डॉक्टरांना विचारले, वाचले, आणि असाच कागद उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती पडेल म्हणून ही माहिती येथे देत आहोत.

गुंजभर, पण मोलाचे

मोठ्या माणसाच्या अंगात लोह तीन-चार ग्रॅम, झिंक दोन ग्रॅमच्या आसपास आणि तांबे तर जेमतेम गुंजभर असते. पण तेवढ्याशिवाय चालत नाही. हेक्टरी टनांनी ऊस काढायचा आणि झिंक सल्फेट फक्त २० किलो टाकायचे, तसाच हा प्रकार.

कमी पडले तर

चीनच्या ईशान्येला केशान नावाचा तालुका आहे. तेथे १९३५ साली एक विचित्र रोग नोंदला गेला. लहान मुले आणि तरण्याताठ्या बायका यांचे हृदय सुजून, अशक्त होऊन ती दगावत. पुढे लक्षात आले, की तिथल्या जमिनीत सेलेनियम हे सूक्ष्म द्रव्य फारच कमी. जमिनीत नाही म्हणून धान्यात नाही, धान्यात नाही म्हणून माणसात नाही. १९७४ साली सिच्वान प्रांतात काही मुलांना सेलेनियमच्या गोळ्या दिल्या, काहींना दिल्या नाहीत. न दिलेल्यांत हजारी साडेतेरा मुले आजारी पडली, दिलेल्यांत हजारी दोनच्या आसपास. फरक इतका स्पष्ट, की दोन वर्षांनी गोळ्या सर्वांनाच सुरू केल्या. त्या कमतरतेवर एका विषाणूचाही घाव बसत होता, हे मागाहून कळले.

जास्त झाले तर

पण त्याच चीनमध्ये एन्शी भागात सेलेनियम जमिनीतच अति होते. तिथे १९६० नंतरच्या काही वर्षांत माणसांचे केस आणि नखे गळून पडली. कॅनडातील क्विबेक शहरात १९६५-६६ साली बिअरचा फेस टिकावा म्हणून तीत कोबाल्टचे क्षार घालत. भरमसाट बिअर पिणाऱ्या आणि धड न जेवणाऱ्या ४८ जणांची हृदये निकामी होऊ लागली, २० जण गेले. कोबाल्ट घालणे बंद झाले आणि रोगही थांबला.

तात्पर्य, कमी वाईट आणि जास्तही वाईट. बोरॉनचे तुम्हाला ठाऊकच आहे, मात्रा चुकली की पीक करपते.

कारण की परिणाम?

आता सभासदांच्या कागदाकडे येऊ. झटका आला की शरीर जखम भरून काढण्याच्या धांदलीत पडते. यकृत रक्तातले झिंक आत ओढून घेते आणि तांबे वाहून नेणारे प्रथिन जादा तयार करते. म्हणून रक्तात झिंक उतरलेले आणि तांबे चढलेले दिसते. म्हणजे हे आजाराचे कारण असेलच असे नाही, बऱ्याचदा तो आजाराचा परिणाम असतो. पाणी साचलेल्या रानातले पिवळे पान आणि हा आकडा यांची जात एकच. पानाला रंग फासून निचरा होत नाही.

सलाईनची गोष्ट

शिशाचे मात्र वेगळे. ते शरीराला कशालाच लागत नाही. त्याने रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्या खराब होतात. शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिक हे हृदयाला धोक्याचे आहेत, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ साली जाहीरपणे मांडले. मग शिसे काढून टाकले तर?

ते काढणारे औषध म्हणजे ईडीटीए. नाव ओळखीचे वाटले ना? कृषी सेवा केंद्रात 'चिलेटेड झिंक' मिळते, त्यात झिंकला धरून ठेवणारा पदार्थ हाच. रक्तात गेला की शिशाला धरतो आणि लघवीवाटे बाहेर नेतो. अमेरिका-कॅनडात १,७०८ हृदयरोग्यांवर याचा प्रयोग झाला. २०१३ साली त्याचा निकाल आला, थोडा फायदा दिसला, मधुमेह्यांत जास्त. म्हणून झटका येऊन गेलेल्या १,००० मधुमेह्यांवर तो पुन्हा केला. आठवड्याला एक, अशी ४० सलाईने. २०२४ साली निकाल लागला. रक्तातले शिसे ६१ टक्क्यांनी उतरले. पण मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात वगैरे मिळून औषध घेतलेल्यांत ३५.६ टक्के आणि नुसते सलाईन घेतलेल्यांत ३५.७ टक्के. आकडा सुधारला, माणसाचे भोग तेच राहिले. शिवाय हे औषध चुकीचे किंवा घाईने दिले तर रक्तातले कॅल्शियम एकाएकी उतरून जीवावर बेतते.

मग करायचे काय?

१. तंबाखू, मिसरी, विडी सोडा. तंबाखूचे पान जमिनीतले कॅडमियम ओढून घेते. रक्तातला धातू कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय हाच, आणि हृदयाला त्याचे इतरही फायदे आहेत.

२. भांड्यांना कल्हई शुद्ध कथिलाचीच करून घ्या, शिसे मिसळलेली नको. भस्मे आणि खात्री नसलेली औषधे वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका.

३. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासत राहा. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरे वाटले म्हणून बंद करू नका.

४. हृदय दुबळे होऊन दम लागत असेल तर लोह तपासावे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. अशा काही रुग्णांना लोह कमी असल्यास ते शिरेतून दिल्याने आराम पडतो, हे प्रयोगांनी दिसले आहे. इथे तपासणीला अर्थ आहे.

५. छातीत कळ, घाम, डाव्या हातात वेदना, असे झाले तर पित्त समजून घरी बसू नका. सरळ दवाखाना गाठा.

आमच्या सभासदांनी सलाईन घेतले नाही. ते पैसे त्यांनी पाईपलाईनच्या कामाला लावले, नेहमीच्या गोळ्या चालू आहेत, तालुक्याला तपासणीला नेमाने जातात. तंबाखूची डबी मात्र अजून खिशात आहे. त्याबद्दल विचारले की हसतात आणि विषय बदलतात. तेव्हा काका, हे वाचत असाल तर पुढच्या बिलाला येताना ती डबी घरी ठेवून या, एवढीच विनंती.