खाडा न पाडता उपचार

पहाटे पुण्याच्या मार्केट यार्डात ट्रक रिकामे होत असतात, तेव्हा पाठीवर पोतं घेतलेल्या माणसाला 'दारू सोडायला महिनाभर भरती हो' असं सांगून पाहा. खाडा पडला की त्या दिवसाची हमाली बुडते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली येरवड्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. त्यामुळे पुण्याला व्यसनमुक्ती म्हटलं की आधी आठवतं ते निवासी केंद्र. पण रोजंदारीवाल्याने इतके दिवस काढायचे कुठून? 'एम्स'ने केलेल्या व्यसनांच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळाला होता. भरती होऊन उपचार घेतलेला १८० जणांत एक.

गोव्यात 'संगथ' संस्थेने दुसरी वाट चोखाळली. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेले, अपायकारक प्रमाणात पिणारे ३७७ पुरुष निवडले. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याबरोबर समुपदेशन. समुपदेशक डॉक्टर नव्हते; प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. बैठका फार तर चार. तू किती पितोस, कोणाबरोबर, पगाराच्या दिवशी की भांडण झाल्यावर, मित्राने ग्लास पुढे केला तर काय म्हणशील, अशा गप्पा. तीन महिन्यांनी आधीच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले समुपदेशनाच्या गटात ४२ टक्के, दुसऱ्यात १८. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१७ मध्ये हे छापलं.

नुसत्या बोलण्याने फरक का पडतो? व्यसनात मेंदू दारूइतकाच तिच्या खुणांनाही सरावतो. ठरावीक गल्ली, ठरावीक वेळ, ठरावीक दोस्त दिसले की तलफ येते. खुणा ओळखता आल्या की त्या टाळता येतात. पोरांच्या बाबतीत हे अवघड, कारण स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. म्हणून माव्याच्या पुडीपासून सुरुवात केलेल्या मुलाबरोबर आईबापालाही बसवावं लागतं. ओरडणं आणि गुपचूप पैसे देणं, दोन्ही कधी थांबवायचं हे त्यांनाही शिकावं लागतं.

मात्र गोव्याच्या प्रयोगात दारूवर पुरते अवलंबून असलेले घेतले नव्हते, हे विसरून चालणार नाही. सकाळी उठल्यावर ज्याचे हात थरथरतात, घोट घेतल्याशिवाय शांत होत नाहीत, अशाने घरच्या घरी एकदम दारू सोडू नये. दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला डॉक्टरच हवा, बहुधा खाटही.

बाकीच्यांची अडचण वेळेची आहे. सरकारी दवाखान्याची ओपीडी सकाळी असते, आणि यार्डात तोच ऐन धंद्याचा वेळ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पुण्यातल्या कष्टकऱ्यांना हक्क आणि स्वस्त जेवणाची 'कष्टाची भाकर' दिली. तिच्यासारख्या संघटनेच्या कार्यालयात, काम उरकल्यावर दुपारी, गोव्यातल्यासारखा एखादा प्रशिक्षित समुपदेशक बसवायला फार खर्च येणार नाही.