काचेच्या पेटीतून नदीकडे

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेची एक पेटी असते. तीत थोडी वाळू, चार पाणवनस्पती आणि इकडून तिकडे फिरणारे मासे असतात. मनोरंजनापलीकडे या पेटीचा काही उपयोग असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु एका नदीतून नाहीसा झालेला मासा अशाच पेट्यांनी राखला आणि पुढे तो नदीला परत मिळाला, ही हकीकत विचार करण्याजोगी आहे.

मेक्सिको देशातील हालिस्को प्रांतात टेकीला नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या परिसरात तेउचित्लान येथील झऱ्यांतून त्याच नावाची नदी उगम पावते. तिच्यात ‘झूगोनेटिकस टेकीला’ हा लहानसा मासा राहत असे. त्याची लांबी फार तर ७ सेंटिमीटर. नराच्या शेपटीवर नारिंगी रंगाची चंद्रकोर असते. हा मासा अंडी न घालता पिलांना जन्म देतो. मादीच्या उदरात असताना पिलांच्या शरीराला फितीसारखे तंतू फुटतात आणि त्यांच्या द्वारे ती मातेकडून पोषण घेतात.

वेब आणि मिलर या शास्त्रज्ञांनी १९९८ साली या माशाचे शास्त्रीय वर्णन केले. पण तोपर्यंत नदीचे पाणी दूषित झाले होते, बाहेरून आणलेले मासे तीत माजले होते आणि हा मासा तिच्या प्रवाहातून नाहीसा झाला होता. शास्त्राने नाव दिले, तेव्हा नावाचा धनीच ठिकाणावर नव्हता! तो उरला होता तो मुख्यतः परदेशांतील हौशी मत्स्यपालकांच्या पेट्यांमध्ये.

त्याच वर्षी इंग्लंडमधील चेस्टर प्राणिसंग्रहालयाच्या साहाय्याने या माशाच्या काही जोड्या मोरेलिया येथील मिचोआकान विद्यापीठात पोहोचल्या. तेथील शास्त्रज्ञांनी पंधरा वर्षांच्या आसपास त्यांची वीण जपली. पुढे ४० नर व ४० माद्या कृत्रिम तळ्यांत सोडण्यात आल्या. काचपेटीत वाढलेल्या माशाला शत्रू कोण, अन्न कोठे शोधावे, हे ठाऊक नसते; ते शिक्षण तळ्याने दिले. चार वर्षांत त्यांची संख्या सुमारे १०,००० झाली असा अंदाज करण्यात आला. त्यानंतर काही मासे आधी जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवून नदीची सवय लावण्यात आली आणि शेवटी सुमारे १,५०० मासे तेउचित्लान नदीत मुक्त करण्यात आले. ते तेथे रुजून वाढत असल्याचे वृत्त २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. २०२२ च्या नोव्हेंबरात याच नदीतला दुसरा लुप्त मासा, सोनेरी स्किफिया, तीत पुन्हा सोडण्यात आला.

ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही. केरळ व दक्षिण कर्नाटकातील सह्याद्रीच्या ओढ्यांत राहणारा, ‘मिस केरळ’ या नावाने ओळखला जाणारा तांबड्या पट्ट्याचा सुंदर मासा आज संकटग्रस्त गणला जातो. मत्स्यालयांची हौस पुरवण्यासाठी तो नदीतून भरमसाट पकडला गेला. म्हणजे जी हौस एका माशाला तारते, तीच दुसऱ्याला मारूही शकते. फरक पडतो तो मासा कोठून आला यावरून: नदीतून ओरबाडलेला की पेटीत जन्मलेला.

म्हणून या कामात शिस्त हवी. मोजक्याच माशांची आपसांत वीण होत राहिली, तर पिढ्या दुबळ्या होतात; त्यासाठी निरनिराळ्या पालकांनी मासे अदलाबदल करावेत आणि प्रत्येक कुळाची नोंद ठेवावी. जवळच्या जाती एका पेटीत ठेवू नयेत, कारण संकर झाल्यास शुद्ध वाण कायमचे हरवते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेटीतील मासा आपल्या मर्जीने ओढ्यात किंवा तळ्यात कधीही सोडू नये. त्याच्याबरोबर रोग जातात, आणि परक्या पाण्यात तो स्वतःच उपद्रव ठरू शकतो. तेउचित्लानचा मासा घालवण्यात अशाच परक्या माशांचा हात होता, हे विसरता येत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. नदी दूषितच राहिली असती, तर ते १,५०० मासे पुन्हा मेले असते. गावकऱ्यांनी आणि शाळेतील मुलांनी नदीची काळजी घेण्यात भाग घेतला, म्हणून घरी परतलेल्या माशाला घर मिळाले. काचेची पेटी बियाणे सांभाळू शकते. पण शेत मात्र नदीच असते.