गरिबाचा बदाम

परीक्षा जवळ आली कीं ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील घरोघरीं मुलांसाठीं बदाम भिजूं लागतात. भुईमुगाचा दाणा मात्र कुटाच्या डब्यांतच राहतो. गुणांची तुलना केली तर हा पंक्तिभेद टिकत नाहीं. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारें २५ ग्रॅम प्रथिनें असतात, तर बदामांत सुमारें २१. दोहोंतील स्निग्धांश बहुतांशीं हृदयास हितकर अशा असंपृक्त प्रकारचा असतो. ई जीवनसत्त्व बदामांत अधिक, हें खरें. पण ब गटांतील नायसिन दाण्यांत पुष्कळच अधिक.

भय आहे तें खाडीकांठच्या दमट पावसाळ्याचें. १९६० सालीं इंग्लंडांत बुरशी लागलेल्या शेंगदाणा-पेंडीनें सुमारें एक लाख टर्की पक्षी मेले आणि अफ्लाटॉक्सिन हें विष उजेडांत आलें. तें यकृतास घातक असून भाजल्यानेंहि पूर्णपणें नष्ट होत नाहीं. म्हणून बुरसलेला, सुरकुतलेला वा कडवट दाणा निवडून टाकावा आणि पावसाळ्यांत थोडेच दाणे आणून घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावे. दाण्यांचें वावडें असणारांनीं ते वर्ज्यच करावे.

बदाम परवडले नाहींत म्हणून कोणत्याहि मातेनें कष्टी होऊं नये. निवडलेले मूठभर दाणे व गुळाचा खडा हा मुलाच्या मधल्या वेळचा उत्तम आहार आहे.