शिलेदाराचं वेळापत्रक

‘काय, सध्या घरीच का?’ हा प्रश्न २००९ सालापासून माझ्या पाचवीला पुजलेला आहे. दूध आणायला गेलो की विचारतात, लिफ्टमध्ये भेटले की विचारतात. मी अनुवादक आहे. औषधाच्या माहितीपत्रकापासून मिक्सरच्या सूचनापुस्तिकेपर्यंत जे जे इंग्रजीतून मराठीत आणायचं असतं, ते घरी बसून आणतो. नोकरी सोडली तेव्हा वाटलं होतं, आता वेळ आपल्या मालकीचा झाला. तसा तो झालाही. पण मालकाला हिशेब ठेवावा लागतो, हे कळायला मला तीन वर्षं लागली.

आमच्यासारख्यांना इंग्रजीत फ्रीलान्सर म्हणतात. लान्स म्हणजे भाला. कुणा एका सरदाराला बांधलेला नाही, मोल देईल त्याच्या बाजूनं लढतो, अशा भालाइतासाठी सर वॉल्टर स्कॉटनं ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीत हा शब्द वापरला. आपल्याकडे मला याहून नेमका शब्द सापडतो. शिवकालीन घोडदळात बारगीर असत आणि शिलेदार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार दोन्ही आपल्या घरचं घेऊन येई. साहजिकच घोड्याचा चारा, नाल, औषधपाणी सगळं त्याच्याच अंगावर.

नोकरदार माणूस हा बारगीर. त्याचा संगणक बिघडला तर दुरुस्तीला कुणी तरी येतं आणि तोवर याचा पगार चालूच असतो. शिलेदाराचा घोडा लंगडला की मोहीम थांबते. मी नेमका हा घोडाच हिशेबातून विसरलो होतो.

झालं असं, की २०१२ च्या दिवाळीआधी तीन कामं एकदम आली. मिळून २८ हजार शब्द. तासाला ३०० शब्द हा माझा वेग. ८ तासांचे २४०० झाले. म्हणजे १२ दिवसांचं काम. हो म्हणून टाकलं. त्याच दिवसांत वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तास-दोन तासांचंच काम, त्यात काय, असं म्हणून मी लॅपटॉप घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलो. थेंब कधी, किती वेळा घालायचे हे डॉक्टर सांगत होते आणि मी मान डोलवत होतो. घरी आल्यावर काही आठवेना. शेवटी ताईनं फोन करून विचारून घेतलं. वडील रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘तू नोकरीत असतास तर आज रजा काढली असतीस.’

आणि एवढं करून एक काम दोन दिवस उशिरा गेलंच. गिऱ्हाईक सभ्य होतं, बोललं काही नाही. पुन्हा फोनही केला नाही.

मग मी २०० पानी वही आणली आणि १५ दिवस दर अर्ध्या तासाला काय केलं ते लिहीत गेलो. कंटाळवाणं काम आहे. पण या धंद्यातल्या नवख्या मंडळींना मी एवढं एकच आवर्जून करायला सांगतो. माझ्या ८ तासांपैकी अनुवाद होत होता साडेचार तास. बाकीचे फोन, दराची घासाघीस, बिलं, त्या बिलांची आठवण आणि न मिळालेल्या कामांचे नमुने यांत जात. म्हणजे मी १२ दिवसांचं म्हणून घेतलेलं काम मुळात २१ दिवसांचं होतं. दरही ८ तासांवर बेतलेला. म्हणजे रोज साडेतीन तास फुकट. दर वाढवला तेव्हा दोन गिऱ्हाइकं गेली, बाकीची राहिली.

साडेचार तास कमी वाटतील. अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करून पहाटे साडेपाचला लिहायला बसे, घड्याळ समोर ठेवून पाव तासाला २५० शब्द लिही. उठवायला ठेवलेल्या म्हाताऱ्या नोकराला त्यासाठी वर्षाला ५ पौंड जास्त देई. एवढा शिस्तीचा माणूस. पण लेखकानं दिवसाला तीनच तास लिहावं, असं त्याचं मत होतं.

आता मी दिवसाला १२०० शब्दांचाच शब्द देतो. फोनची उत्तरं दुपारी एक आणि संध्याकाळी पाचला. (‘अर्जंट’चा अर्थ बहुधा ‘आम्ही विसरलो होतो’ असा असतो.) शुक्रवारची दुपार बिलांची. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजेत, असं २००६ चा कायदा सांगतो. बिलाखाली ती ओळ घातली की आठवणीचे फोन कमी करावे लागतात. वर्ष सुरू होतानाच भिंतीवरच्या कॅलेंडरवर आगाऊ कराच्या १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना गोल करतो. गणपतीचे पाच दिवस लाल पेन्सिलीनं खोडतो. आम्हाला रजेचा अर्ज द्यायला साहेब नाही, म्हणून रजा आधी मांडायची आणि कामं तिच्या भोवती.

पुढच्या वर्षी वडिलांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. चार दिवस आधीच लाल केले होते. डॉक्टर सांगत होते तेव्हा थेंबांच्या वेळा त्याच वहीत लिहून घेतल्या. मधेच एका गिऱ्हाइकाचा फोन आला. म्हटलं, सोमवारी सुरू करतो. ते म्हणाले, ‘चालेल की!’