मधुमेही उंदीर आणि औषधाची वेळ

टाइप वन मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींनाच परके समजून नष्ट करते. या हल्ल्यात अग्रभागी असणाऱ्या टी-पेशींना, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या रक्तपेशींना, आवर घालणारी औषधे प्रथम ज्या उंदरावर पारखली जातात, तो ‘नॉड’ उंदीर जपानमधील शिओनोगी कंपनीच्या प्रयोगशाळेत निपजला आणि १९८० साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. लठ्ठ नसतानाही त्याला आपोआप मधुमेह होतो, हेच त्याचे वैशिष्ट्य.

जन्मानंतर तीन-चार आठवड्यांतच बीटा पेशींच्या पुंजक्यांभोवती प्रतिकारपेशी जमू लागतात. रक्तशर्करा मात्र साधारण बाराव्या आठवड्यानंतर वाढते, आणि तिसाव्या आठवड्यापर्यंत ६० ते ८० टक्के माद्या मधुमेही होतात. नरांमध्ये हे प्रमाण बरेच कमी असल्याने प्रयोगासाठी बहुधा माद्याच निवडतात. शेपटीच्या टोकातून घेतलेल्या थेंबभर रक्तात शर्करा लागोपाठ दोनदा २५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आढळली, की उंदीर मधुमेही ठरतो, असा अनेक प्रयोगशाळांचा निकष आहे. शेवटी स्वादुपिंडाचे पातळ छेद रंगवून किती पुंजके निर्मळ राहिले, किती वेढले गेले आणि किती पोखरले गेले, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जाते.

अडचण अशी की, लहान वयात उपचार सुरू केल्यास या उंदराचा मधुमेह टाळणे फारसे कठीण नाही. बीसीजी लस टोचली तरी तो टळू शकतो आणि अस्वच्छ पिंजऱ्यांतील वसाहतीत त्याचे प्रमाणच घटते. त्यामुळे केवळ प्रतिबंधाच्या यशावर विसंबणे धाडसाचे ठरते. तोंडावाटे दिलेल्या इन्शुलिनने उंदरांत रोग लांबला, पण अमेरिकेत रुग्णांच्या धोका असलेल्या नातेवाइकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत एकूण गटाला तसा लाभ झाला नाही.

खरी कसोटी आधीच मधुमेह जडलेल्या उंदरावर लागते. पॅरिसमध्ये ल्युसिएन शातनू आणि झाँ-फ्रान्स्वा बाख यांनी १९९४ साली दाखवले, की टी-पेशींवरील सीडी-३ या रेणूला चिकटणारे प्रतिपिंड अशा नॉड उंदरांना अवघे पाच दिवस दिले, तरी बहुतेकांची रक्तशर्करा पूर्ववत होऊन दीर्घकाळ तशीच राहते. याच तत्त्वावरील टेप्लिझुमॅब या मानवी औषधाची एक मोठी चाचणी ठरवलेल्या निकषावर अपयशी ठरली. मात्र २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अतिधोक्याच्या ७६ व्यक्तींमध्ये निदानापर्यंतचा मध्यक काळ सुमारे २४ महिन्यांवरून ४८ महिन्यांवर गेला. अमेरिकेने २०२२ साली त्याला मान्यता दिली, ती आठ वर्षे वा अधिक वयाच्या अशा व्यक्तींसाठी, ज्यांच्या रक्तात रोगसूचक प्रतिपिंडे आहेत आणि शर्करा बिघडू लागली आहे, पण ज्यांना लक्षणांसह मधुमेह अद्याप झालेला नाही. पॅरिसच्या उंदरांत मात्र तेच तत्त्व मधुमेह जडल्यानंतर यशस्वी झाले होते.