दहा चिन्हे की अकरा?

मुलुंडच्या एका वाचनालयाने आपली ग्रंथसूची संकेतस्थळावर ठेवली. हे काम आमच्या शेजारच्या एका तरुणाने केले; तो घरी बसून स्वतंत्रपणे अशी कामे घेतो. काही दिवसांतच तक्रार आली. ‘वाऱ्यावरची वरात’ हे नाव टंकून शोधले की ‘पुस्तक नाही’ असे उत्तर येई. पुस्तक तर कपाटात होते! पार्ल्यात वाढलेल्या पु. लं.चे पुस्तक मुलुंडला सापडू नये याचे आम्हाला हसू आले. ग्रंथपालांना मात्र आले नाही, कारण वाचक रिकाम्या हाताने परत जात होते.

तरुणाने सूचीतला शब्द आणि वाचकाने टंकलेला शब्द शेजारी शेजारी ठेवले. डोळ्यांना तिळमात्र फरक दिसेना. मग त्याने संगणकाला चिन्हे मोजायला लावली. सूचीतल्या ‘वाऱ्यावरची’ या शब्दात अकरा चिन्हे निघाली, वाचकाच्या शब्दात दहा.

असे का व्हावे? संगणक अक्षराचा आकार साठवत नाही, प्रत्येक चिन्हाचा क्रमांक साठवतो. युनिकोड या जागतिक प्रमाणात ‘र’चा क्रमांक २३५२, पाय मोडण्याच्या चिन्हाचा २३८१ आणि ‘य’चा २३५१. हे तीन ओळीने आले की पडद्यावर रफार उमटतो: ‘दर्या’, म्हणजे समुद्र. पण मराठीला डोंगरातल्या ‘दऱ्या’ही हव्यात. आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंगतीत बसवून कसे चालेल?

त्यासाठी दोन वाटा आहेत. एकीत ‘र’ऐवजी ‘ऱ’ हे वेगळे चिन्ह, क्रमांक २३५३, वापरतात. दुसरीत ‘र’ आणि पायमोडीनंतर ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. युनिकोडच्या १९९६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ही दुसरी वाटही पुढे ग्राह्य ठेवली गेली. काही कळफलक एक वाट धरतात, काही दुसरी. लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

तरुणाचा पहिला उपाय फसला. त्याने अदृश्य चिन्ह सरसकट गाळले. पण तसे केल्यावर मागे उरतात २३५२, २३८१ आणि २३५१, म्हणजे पुन्हा रफारच! पुस्तक सापडले नाहीच, उलट सूचीतल्या दऱ्यांचा दर्या झाला. ही चूक आम्हाला मोठी बोधप्रद वाटते. दिसत नाही ते निरुपयोगी, असे त्याने धरून चालले होते.

मग त्याने तुलनेपूर्वी २३५२, २३८१, ८२०५ या क्रमाच्या जागी २३५३, २३८१ घालणारा नियम लिहिला. तो सूचीला लावला आणि शोधशब्दालाही. एकाच बाजूला लावून भागत नाही. पुस्तक सापडले.

शाळेच्या संगणकावर विद्यार्थ्यांना दोन वेगवेगळ्या कळफलकांवरून ‘दऱ्या’ टंकायला सांगून चिन्हे मोजून पाहावीत. ‘ॲ’चीही तीच गत आहे: अखंड चिन्ह टंकता येते, किंवा ‘अ’वर चंद्र चढवता येतो. ‘बोरिवली’ आणि ‘बोरीवली’ यांचे भांडण मात्र क्रमांकांचे नाही, लेखनाचे आहे. त्यासाठी तरुणाला पर्यायी नावांची वेगळी यादीच करावी लागली, आणि ती अजून वाढते आहे.